डावा अंगठा त्यांचा

आमच्या विमानाला बांगड्याचा वास यायचा. बंदरावर ज्या थर्मोकोलच्या पेट्यांतून बर्फात घातलेली मासळी येते-जाते, त्याच पेट्यांच्या झाकणांचे त्याचे पंख होते. मी ती झाकणं साबणाने घासली, लिंबाने घासली, उन्हात वाळत घातली. वास गेला असं मला वाटलं. घारींना तसं वाटलं नाही, पण ते पुढे येईल.

हे विमान रिमोटवर उडणारं, हातभर लांबीचं. असला नाद आमच्या घरात शिरेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवरा होडीवाला. फायबरची छोटी होडी, तिच्या मागे लावलेलं इंजिन, पहाटे जाळी टाकायची आणि हंगामात पर्यटकांना किल्ल्याभोवती फिरवून आणायचं. घरात आम्ही दोघंच. गणपती पाण्यात गेले त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप सुटला. मी ओरडले, 'अवो, बघून धरा!' ते कपाकडे बघतच राहिले. उजवी बाजू गेली होती. जीभही जड झाली होती.

डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, हळूहळू सुधारेल. पाय सुधारला थोडा, काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जाता येऊ लागलं. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच. आणि ते काही करायलाच तयार नव्हते. पडवीत खुर्ची टाकून बसायचे. समोर माडांखाली त्यांची होडी झावळांनी झाकून ठेवलेली होती, तिच्याकडे बघायचे. पेज देऊ? नको. रेडिओ लावू? नको. तुमचा चुलतभाऊ भेटायला आलाय. नको. बोलता येत नसलेल्या माणसाला एवढा एकच शब्द स्वच्छ म्हणता यावा याचा मला संताप यायचा. खरं तर भीती वाटायची. माझी भीती नेहमी रागाचं सोंग घेऊन बाहेर येते, शाळेतल्या पोरांनाही हे ठाऊक आहे.

दिवाळीच्या सुट्टीच्या जरा आधी मी शाळेतून आले तर त्यांनी डाव्या हातातला मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. कोणीतरी माणूस कुठल्याशा माळावर थर्मोकोलचं विमान उडवत होता. विमान लांब गेलं, वळलं, परत आलं आणि त्याच्या पायाशी उतरलं.

"ह्या," ते म्हणाले. मग बराच वेळ ओठ जुळवून, "होया."

नकोच्या ऐवजी होया. मी तशीच खांद्यावर पर्स घेऊन पायरीवर बसले. त्यांनी खरं विमान मागितलं असतं तरी मी त्या क्षणी चिपीच्या विमानतळावर जाऊन उभी राहिले असते.

औषधांपायी हात आखडताच होता, त्यामुळे दुकानातलं तयार विमान आणणं शक्य नव्हतं. पण लवकरच लक्षात आलं की या नादात पैसेवाले विकत घेतात आणि बाकीचे बनवतात. बंदरावर फुटक्या पेट्या हव्या तेवढ्या पडलेल्या असतात. पंख वाकू नये म्हणून त्यात बांबूची कामटी घातली. शेपटीच्या पट्ट्या हलवायला बारीक, ताठ काडी लागते, ती खराट्याच्या हिराची केली. बांधायला जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा. चाकं माझ्या जुन्या चपलेच्या रबराची, गोल कापून. मोटर, बॅटरी आणि पट्ट्या ओढणारी बोटाच्या पेराएवढी दोन यंत्रं तेवढी कुरिअरने मागवली, त्यातली सगळ्यात स्वस्त. रिमोट जुनाच, कुडाळच्या एका गृहस्थांकडून घेतला. त्यांचा हा नाद डोळ्यांच्या दुखण्यामुळे सुटला होता. रिमोट देताना त्यांनी तो फडक्याने पुसला आणि म्हणाले, अडलं तर फोन करा.

अडलं की! पहिल्याच दिवशी मी घरातला झटपट चिकटणारा गोंद लावला आणि आमच्या डोळ्यांदेखत थर्मोकोल विरघळून पंखाला भोक पडलं. नवऱ्याला हसू आलं. आजारानंतर त्यांचं हसू एकाच गालावर उमटायचं. मला इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्या पंखालाही तोच गोंद लावायची तयारी दाखवली. मग पांढरा गोंद आणला, तो वाळायला रात्र जाते. आमच्याकडे रात्री पुष्कळ होत्या.

त्यांनी डाव्या हाताने धरायचं, मी कापायचं. चुकलं की ते जमिनीवर काठी आपटायचे. हळूहळू शब्द येऊ लागले. "थय." "बारीक कर." "गप रव." शेवटचा शब्द सगळ्यात आधी स्पष्ट झाला. व्यायामाचं नाव काढलं की तोंड फिरवणारा माणूस पंख घासायला सकाळपासून तयार होऊन बसायचा.

रिमोट हातात घेतल्यावर मात्र खरी अडचण कळली. त्याला दोन काठ्या असतात. डाव्या काठीने मोटरचा वेग कमी-जास्त होतो आणि विमान डावीउजवीकडे वळतं. उजव्या काठीने ते वर-खाली होतं. दोन अंगठे लागतात. त्यांच्याकडे एकच होता.

त्यांनीच रिमोट गळ्यात अडकवून घेतला, त्याला जाळ्याच्या दोरीचा पट्टा केला होता, आणि मानेने मला मागे बोलावलं. मी खुर्चीमागे उभी राहिले. त्यांच्या उजव्या खांद्यावरून हात पुढे घेतला आणि माझा अंगठा उजव्या काठीवर ठेवला. वाकावं लागायचं. माझा गाल त्यांच्या कानाला टेकायचा. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण उघड्यावर, दिवसाढवळ्या आम्ही इतके जवळ कधी उभे राहिलो नव्हतो. मी म्हटलं, "लोक काय म्हणतीत?" ते म्हणाले, "बघूंदेत."

वेग आणि वळण त्यांचं. वर-खाली माझं. अशी वाटणी झाली.

आमच्या गावाच्या वर कातळाचा सडा आहे, उघडं सपाट पठार. त्यावरून एक डांबरी रस्ता जातो आणि पुढे कड्याखाली समुद्र. रविवारी सकाळी तिथे गुरांशिवाय कोणी नसतं. शेजाऱ्याची रिक्षा आम्हाला नेऊन सोडायची, प्लॅस्टिकची खुर्ची टपावर बांधलेली. पहिल्या दिवशी सगळं मांडून झालं, मी रिमोट त्यांच्या गळ्यात घातला, तर ते म्हणाले, "नारळ?"

नवी होडी पाण्यात लोटताना नारळ आणि देवाला गाऱ्हाणं हवंच. पण हे थर्मोकोल! मी हसले, आणि त्यांचा चेहरा बघून गप्प झाले. रिक्षावाला परत गावात गेला आणि नारळ घेऊन आला. मग त्यांनी डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा..." ज्या माणसाला पाणी मागताना दोन शब्दांपुढे जाता येत नव्हतं, तो अडखळल्याशिवाय, एका दमात, होडीसाठी म्हणायचा ते सगळं म्हणत गेला. जाताहेत ती लेकरं सुखरूप परत किनाऱ्याला लाव, काय वाकडंतिकडं असेल ते दूर कर. रिक्षावाला आणि मी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणत होतो. डॉक्टरांना मी नंतर विचारलं, तर ते म्हणाले, असं होतं, पाठ असलेलं कधी कधी वेगळ्या वाटेने बाहेर येतं. गाऱ्हाणं संपलं आणि पुन्हा त्यांना "सोड" हा शब्द सापडेना.

विमान रस्त्यावरून धावलं, उचललं गेलं आणि उजवीकडच्या करवंदीच्या जाळीत घुसलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारी डावीकडे दगडावर. विमान डावीकडे कललं की ते सरळ करण्याऐवजी आणखी डावीकडेच लोटायचे. मी चिडले.

"अवो, तुमी उलट्या बाजूक फिरवतास!"

"नाय."

"मी बघतंय ना डोळ्यांनी!"

त्यांनी रिमोट सोडला आणि डावा हात मागे नेऊन हवेत काहीतरी पकडलं. हात उजवीकडे ढकलला. मग मानेने डावीकडे दाखवलं. मला कळायला वेळ लागला. होडीच्या मागचं इंजिन एका दांड्याने फिरवतात. दांडा उजवीकडे लोटला की होडी डावीकडे जाते. वयात आल्यापासून त्यांनी हेच केलं होतं. ज्या बाजूला जायचं तिच्या विरुद्ध बाजूला हात. माझ्यासारख्या सायकल आणि स्कूटर चालवणाऱ्या बाईला जे सरळ वाटतं, ते त्यांच्या अंगाला उलटं होतं. डोकं समजून घ्यायचं, पण अंगठा होडीतच होता.

मी कुडाळला फोन लावला. ते गृहस्थ मोठ्याने हसले. म्हणाले, रिमोटवर खाली एक बारीक खटका आहे, तो नखाने सरकवला की वळणाची दिशा उलटी होते. एवढंच! मी खटका सरकवला. त्या रविवारी विमान वर गेलं आणि वरच राहिलं.

तेव्हा घारी आल्या. आधी एक, मग आणखी. वासाने आल्या असाव्यात. आमच्या विमानाभोवती त्या गिरट्या घालू लागल्या आणि एकीने शेपटीला झडप घातली. थर्मोकोलचा लचका तोडून तिने तो चोचीत चाखून पाहिला असावा, कारण लगेच टाकून दिला. ते खुर्चीत गदागदा हसत होते, मी "वर घेऊ? वर घेऊ?" म्हणून ओरडत होते आणि हसण्याने त्यांच्या खांद्याबरोबर माझाही हात हलत होता. विमान झुडपात पडलं. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही.

पण त्यांना उडवायचं नव्हतं, परत आणायचं होतं. मला वाटायचं, वर गेलं ना, झालं. ते मान हलवायचे. "भायर कोणय जाता," ते एकदा म्हणाले. एवढं लांब वाक्य महिन्यांत बोलले नव्हते. "लावूक होया." बाहेर कोणीही जातं, परत लावता आलं पाहिजे. होडी किनाऱ्याला लावतात, तसं. समोर, खुर्चीपाशी, स्वतःच्या हाताने. ती होडी आता चुलतभाऊ नेत होता. दर सकाळी पडवीतून ते तिला जाताना आणि येताना बघायचे. हे एक काम अजून आपल्याला जमतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं, आणि मला ते दिसत होतं. म्हणून मी पंख पुन्हा पुन्हा चिकटवत राहिले. शेवटी त्यात थर्मोकोलपेक्षा गोंद जास्त होता.

परत येताना अवघड जायचं, कारण विमान तोंड आपल्याकडे करून आलं की डावंउजवं बदलतं. मी तर गोंधळून जायचे. ते म्हणायचे, "आत बस." म्हणजे विमानात बसल्याचं मनात आण. मग आपण कुठे उभे आहोत याला महत्त्व नाही. ते तसेच बसायचे, डोळे बारीक करून, अर्धं तोंड वाऱ्याकडे. वाऱ्याचं मला कधी कळलं नाही. ते मात्र सकाळचा जमिनीवरून येणारा वारा थांबण्याआधी "चल" म्हणायचे आणि समुद्राकडून पहिली झुळूक आली की "पुरे".

उतरवताना आमचं एक ठरून गेलं. विमान रस्त्याच्या रेषेत यायचं. मी नाक अलगद धरून ठेवायचं. ते माणसाच्या उंचीवर आलं की मी त्यांच्या कानात म्हणायचं, "बंद करा." मग त्यांचा अंगठा काठी खाली ओढायचा, मोटर थांबायची आणि विमान आपल्या वजनाने खाली बसायचं. किती वेळा ते रस्त्याबाहेर बसलं, किती वेळा उलटं झालं, मोजलं नाही.

काजूला मोहर होता त्या दिवसांतला एक रविवार. विमान समुद्राकडे गेलं, मोठं वळण घेतलं आणि घरी येणाऱ्या माणसासारखं सरळ आमच्याकडे आलं. त्यांचा अंगठा अगदी थोडा थोडा हलत होता. "बंद करा," मी म्हटलं. मोटर थांबली. चपलेची चाकं डांबराला लागली, विमान जरा उडालं, पुन्हा बसलं, धावत आलं आणि त्यांच्या पायाला टेकून थांबलं.

ते बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "लावलंय."

रडले ते. मीही रडले, खुर्चीमागे उभी राहून, त्यांच्या डोक्यावर हनुवटी ठेवून. रिक्षावाला पाठ फिरवून उगाच टायर तपासत होता. घरी येताना विमान त्यांनी मांडीवर घेतलं होतं, आणि उजव्या हाताची बोटं पंखावर हलत होती. थोडी, पण हलत होती. मी पाहिलं. डॉक्टरांना सांगायचं म्हणून मी ते मनात नीट ठेवलं.

ते सांगायची वेळ आली नाही. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात मी वर्गात फळ्यावर बेरजा लिहीत होते आणि शेजारणीचा फोन आला. दुसरा झटका. मी पोचले तेव्हा ते पडवीतच होते, खुर्चीतून खाली घेतलेले. विमान बाकावर होतं. शेपटीची एक पट्टी सैल झाली होती, ती मी शाळेतून आल्यावर चिकटवणार होते.

त्यानंतरचं मला सांगायचं नाही. माणसं आली, माणसं गेली. सगळे म्हणायचे, सुटले बिचारे. मी कोणाला काही बोलले नाही, पण मनात मी त्या प्रत्येकावर ओरडले. सुटायचं नव्हतं त्यांना. त्यांना पुढचा रविवार हवा होता.

पाऊस येण्याआधी कुडाळचे ते गृहस्थ भेटायला आले. भला माणूस. चहा झाला, मग बाकावरचं विमान त्यांनी हातात घेतलं, बॅटरी जोडली, रिमोटवर काठी हलवून शेपटीकडे बघितलं. "बाई, हे उलटंच राहिलंय की," ते म्हणाले, आणि नखाने खटका सरकवला.

"ठेवा ते!" माझा आवाज इतका चढला की त्यांच्या हातून रिमोट पडता पडता राहिला. त्यांनी खटका पुन्हा होता तिथे सरकवला, दोनदा तपासला आणि रिमोट माझ्या हातात दिला. त्यांना समजलं असावं. जाताना म्हणाले, उडवत राहा, पडून राहिली की बॅटरी मरते. मला त्यांची माफी मागायची होती, पण मी खटकाच चाचपत राहिले.

पुढच्या रविवारी मी एकटीच सड्यावर गेले. रिक्षावाला म्हणाला, खुर्ची घेऊ? मी नको म्हटलं. पट्टा गळ्यात घातला. नारळ नेला होता, तो रस्त्याच्या कडेला ठेवला. गाऱ्हाणं मला येत नाही, आणि होय म्हाराजा म्हणणारी मीच होते.

दोन्ही अंगठे माझे. उजवा आपलं काम जाणत होता. डाव्याला मी रात्रभर शिकवलं होतं: डावीकडे जायचं असेल तर उजवीकडे लोट. विमान धावलं, उचललं गेलं. समुद्राकडे गेलं. मी आत बसले, त्यांनी सांगितलं होतं तसं. उजवीकडे लोटलं आणि विमान डावीकडे वळलं, सावकाश, त्यांच्या हाताने वळायचं तसंच. घारी आल्या नाहीत. इतक्या दिवसांत वास उडून गेला होता.

ते परत येत होतं. अगदी रस्त्याच्या रेषेत. मला जमत होतं. माझा जीव उजव्या अंगठ्यात गोळा झाला होता, नाक अलगद, अलगद. विमान माणसाच्या उंचीवर आलं.

"बंद करा," मी म्हटलं.

आणि थांबले. विमान खाली बसेल म्हणून बघत उभी राहिले. ते बसलं नाही. मोटर चालूच होती. ते माझ्या डोक्यावरून गेलं, रस्ता ओलांडून, झुडपांवरून, वर चढत, कुठे जायचं ते न कळल्यासारखं. माझा डावा अंगठा काठीवरच होता. तो हलवायचा असतो हे मला सुचलंच नाही. मला एवढंच वाटलं, की आज त्यांना जरा उशीर होतोय.

मी पुन्हा म्हटलं, "अवो, बंद करा ना."